बोलर हॅट : टोपीच्या आत दडलेला इतिहास

१/
१७ डिसेंबर १८४९. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील 'लॉक अँड कंपनी' या टोप्यांच्या जुन्या दुकानात एक उमराव आला. त्याने मागवलेली टोपी तयार होती. ती डोक्यावर चढवण्याऐवजी त्याने जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर दोनदा पाय आपटला. टोपी चेपली नाही. त्याने १२ शिलिंग मोजले आणि टोपी उचलून तो चालता झाला. बोलर हॅटच्या जन्माची ही कथा त्या दुकानाच्या परंपरेत आजही सांगितली जाते. आजचा धागा या टोपीविषयी आणि दीडशे वर्षांनंतर तिचे जुने नमुने जमवून त्यांची डागडुजी करणाऱ्या हौशी मंडळींविषयी आहे. टोपी कशामुळे चेपली नाही, या एका प्रश्नाचा माग काढत गेलो की आपण थेट भारतातल्या पळसाच्या झाडापर्यंत पोहोचतो.

२/
प्रथम त्या उमरावाविषयी. बऱ्याच जुन्या पुस्तकांत त्याचे नाव विल्यम कोक असे येते. आज सामान्यतः मान्य असलेले नाव एडवर्ड कोक हे आहे. हा लेस्टरच्या दुसऱ्या अर्लचा धाकटा भाऊ. नॉरफोक परगण्यातील होल्कम ही या घराण्याची जहागीर. तिथल्या शिकारीच्या रानांची राखण करणारे नोकर घोड्यावरून फिरत, तेव्हा त्यांच्या उंच 'टॉप हॅट' फांद्यांना अडकून पडत व फाटत. त्यावर उपाय म्हणून बुटकी, गोल, डोक्याला घट्ट बसणारी आणि मार सोसणारी टोपी हवी होती. म्हणजे पुढे साहेबीपणाची खूण ठरलेली ही टोपी मुळात चाकरांच्या डोक्यांसाठी घडवली गेली.

३/
मागणी लॉक यांच्याकडे आली; टोपी मात्र घडवली ती टेम्स नदीपलीकडच्या सदर्क भागातील थॉमस आणि विल्यम बोलर या कारागिरांनी. त्यांच्या आडनावावरून जगात ती 'बोलर' झाली. लॉक यांच्या दुकानात तिला गिऱ्हाइकाच्या नावाने 'कोक' म्हणतात. अमेरिकेत ती 'डर्बी' झाली, फ्रान्समध्ये तिच्या आकारावरून खरबुजाची टोपी ठरली, बोलिव्हियात 'बोंबीन' झाली. टोपीवरून माणसाला ओळखण्याची रीत आपल्याकडेही जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त युरोपीय व्यापाऱ्यांसाठी आलेला शब्द आहे 'टोपीकर'. बोलरचा जन्म होण्याच्या शतकभर आधीच मराठी माणसाने हेरले होते की, या लोकांची ओळख त्यांच्या डोक्यावर असते.

४/
नोकरांची ही टोपी पुढे कुठे कुठे चढली ते पाहण्यासारखे आहे. जहाजबांधणीच्या गोद्यांमध्ये कामगारांच्या डोक्यावर कापडी कॅप असे आणि मुकादमाच्या डोक्यावर बोलर. बेलफास्टसारख्या ठिकाणी मुकादमांना नुसते 'हॅट' म्हणत. कठीण टोपी वरून पडणाऱ्या वस्तूंपासून थोडेफार रक्षण करीत असेल. परंतु तिचा खरा उपयोग हुकूम कोणाचा चालतो हे लांबून दिसण्याचा होता. अमेरिकेच्या पश्चिमेत ती घोडेस्वारांत आणि दरोडेखोरांतही शिरली. बुच कॅसिडीच्या टोळीतील पाच जणांनी १९०० साली टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे काढून घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात पाचांच्याही डोक्यावर डर्बी आहे. चित्रपटांनी आपल्या मनात रुजवलेली रुंद काठाची काउबॉय हॅट एकाच्याही नाही.

५/
विसाव्या शतकात लंडनच्या 'सिटी' या पेढ्यांच्या भागात बोलर, काळा कोट आणि गुंडाळलेली छत्री हा जणू गणवेश झाला. त्याच सुमारास तिची थट्टाही सुरू झाली. १९१४ साली चार्ली चॅप्लिनने ढगळ विजार, आखूड कोट, अवजड बूट आणि डोक्याला लहान पडणारी बोलर असा भणंगाचा वेष पडद्यावर आणला. खिशात दमडी नसताना सभ्यपणाचा आव आणणारा माणूस एका टोपीने उभा राहिला. बेल्जियन चित्रकार रने मॅग्रीत याने १९५३ मध्ये आकाशातून पावसासारखी तरंगणारी बोलरधारी माणसे रंगवली. त्या चित्राचे नाव आहे 'गोलकोंडा', म्हणजे आपल्या दख्खनमधला, हिऱ्यांसाठी जगभर विख्यात असलेला गोवळकोंडा.

६/
आता एका लोकप्रिय कथेकडे जरा सावधपणे पाहू. बोलिव्हियातील आयमारा आणि केचुआ स्त्रिया बोलर घालतात, हे आपण चित्रांत पाहिले असेल. कथा अशी की, १९२० च्या दशकात रेल्वेच्या कामावरील ब्रिटिशांसाठी टोप्या मागवल्या गेल्या, त्या लहान निघाल्या आणि व्यापाऱ्याने युक्तीने त्या स्थानिक स्त्रियांच्या गळ्यात मारल्या. गोष्ट चटकदार आहे, पण तिच्यामागे भक्कम कागदोपत्री आधार नाही. शिवाय ती कथा त्या स्त्रियांना केवळ फसलेले गिऱ्हाईक ठरवते. ज्या वस्तूला त्यांनी पिढ्यानपिढ्या आपल्या पोशाखाचा अभिमानाचा भाग बनवले, तिच्यामागे त्यांची स्वतःची निवडही होती, हे मानायला काय हरकत आहे? इतिहासाच्या अभ्यासकाने चटकदार गोष्टीसमोर थोडे थांबावे.

७/
इथवरचा इतिहास टोपीच्या बाहेरचा आहे. तो छायाचित्रांत दिसतो, चित्रपटांत दिसतो. जाणता संग्राहक मात्र जुनी बोलर हाती आली की, प्रथम ती उलटी करतो. आत कपाळाला टेकणारी चामड्याची घामपट्टी असते, वर रेशमी किंवा साटिनचे अस्तर असते. अस्तरावर नाहीतर पट्टीवर कारखान्याचा वा दुकानाचा ठसा असतो. पट्टी हलकेच उलटली की, तिच्यामागे अनेकदा मापाची कागदी चिठ्ठी सापडते. कधी मालकाच्या नावाची आद्याक्षरे सोनेरी ठशात असतात, कधी शाईने लिहिलेली. बाहेरून सगळ्या बोलर सारख्या दिसतात; आतून प्रत्येक वेगळी असते.

८/
या खुणांवरून टोपीचा काळ ठरवता येतो. दुकानाचा पत्ता हा सर्वांत उपयोगी धागा. दुकाने जागा बदलत आणि त्या काळातील व्यापारी निर्देशिकांत त्यांचे पत्ते वर्षवार नोंदलेले असतात. ठशात राजचिन्ह असेल आणि कोणत्या राजाराणीकडून मानपत्र मिळाले हे लिहिले असेल, तर काळ आणखी आवळता येतो. माथ्याची उंची, काठाचे वळण, फितीची रुंदी यांची फॅशन बदलत गेली, त्यावरूनही अंदाज बांधतात. परंतु आकार फसवतो. जुन्या घाटाची टोपी नंतरही बनत राहते. म्हणून शिलालेखाच्या अभ्यासात जसे अक्षरवळणासोबत मजकूर पाहतात, तसे इथेही आकार आणि ठसा एकत्र वाचायचे असतात.

९/
संग्राहकांचा एक सार्वत्रिक अनुभव असा की, जुन्या बोलर बहुधा लहान मापाच्या मिळतात. यावरून 'त्या काळच्या माणसांची डोकी लहान होती' असा निष्कर्ष घाईने काढला जातो. दुसरी शक्यता विसरली जाते. सर्वसाधारण मापाच्या टोप्या वापरल्या गेल्या, हातोहाती गेल्या, झिजून संपल्या. ज्या कोणालाच बसेनात त्या खोक्यात पडून राहिल्या आणि म्हणून टिकल्या. जे टिकले ते त्या काळाचे सरासरी रूप असतेच असे नाही. हा धडा टोपीपुरता नाही. दफ्तरे, नाणी, वाडे, पोथ्या, सगळ्यांनाच तो लागू आहे.

१०/
मापाचा विषय निघालाच आहे, तर एका अजब यंत्राचा उल्लेख केला पाहिजे. मऊ टोपी डोक्याप्रमाणे वळते, कठीण बोलर वळत नाही. आणि कोणाचेही डोके अगदी रेखीव लंबगोल नसते. कुठे उंचवटा, कुठे खोलगट. त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये 'कॉन्फॉर्मातर' नावाचे यंत्र निघाले. टॉप हॅटसारखे दिसणारे हे यंत्र डोक्यावर बसवले की, त्याच्या सरकत्या पट्ट्या डोक्याच्या कडेला टेकतात आणि वर ठेवलेल्या कागदावर टाचण्यांनी डोक्याचा लहानसा नकाशा टोचला जातो. त्या नकाशाबरहुकूम टोपी तापवून तिचा घेर जुळवीत. हे यंत्र लॉक यांच्या दुकानात आजही वापरले जाते.

११/
आता मूळ प्रश्न : ही टोपी इतकी कठीण कशाने होते? तिचे कापड विणलेले नसते. ते असते फेल्ट, म्हणजे केस एकमेकांत गुंतवून, गरम पाणी आणि दाब देऊन घट्ट केलेला नमदा. घोड्याच्या खोगिराखालचा नमदा हा त्याचाच जाडाभरडा भाऊबंद. उत्तम टोपीसाठी पूर्वी बीव्हर या प्राण्याचे केस वापरत. पुढे सशाचे केस सर्रास आले. परंतु सशाचा केस गुळगुळीत, तो सहज गुंतत नाही. त्याला खरबरीत करण्यासाठी कातडीवरील केसांना पाऱ्याच्या नायट्रेटचे द्रावण चोळत. त्याने केसांची टोके नारिंगी होत, म्हणून इंग्रजीत या कामाला गाजरावरूनच नाव पडले. नाव गमतीचे, काम जीवघेणे.

१२/
कारण पुढे हेच केस वाफेच्या, कोंदट खोल्यांतून गरम केले जात आणि पाऱ्याची वाफ कारागिरांच्या छातीत जाई. हात थरथरत, दात हलत, स्मरण जाई, माणूस लाजरा आणि चिडका होई. 'टोपीवाल्यासारखा वेडा' हा इंग्रजी वाक्प्रचार लुइस कॅरलच्या 'अॅलिस'पूर्वीचा आहे. त्याचा उगम निश्चितपणे पाऱ्यात आहे असे सांगता येत नाही, परंतु कारागिरांचा आजार पूर्णपणे खरा होता. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात डॅनबरी हे टोप्यांचे मोठे केंद्र. तिथे या कंपाला गावाचेच नाव पडले : 'डॅनबरीची थरथर'. अमेरिकेत टोप्यांच्या फेल्टसाठी पारा वापरणे थांबले ते डिसेंबर १९४१ मध्ये, म्हणजे आजार ठाऊक झाल्यावर कितीतरी दशकांनी.

१३/
हा पारा केवळ इतिहासात राहिलेला नाही. जुन्या फेल्टमध्ये तो आजही सापडतो, म्हणून संग्रहालयांत अशा टोप्या तपासून आणि हातमोजे घालूनच हाताळतात. घरी जुनी बोलर दुरुस्त करणाऱ्यानेही हे पाळावे. हातमोजे घालावेत, टोपी झटकून धूळ उडवू नये, वाफ द्यायची असल्यास खिडक्या उघड्या ठेवाव्यात, स्वयंपाकघरात तर हे काम कधीच करू नये आणि लहान मुलांना ती घालून मिरवू देऊ नये. ज्या वाफेने कारागीर आजारी पडला तीच वाफ आपण हौसेने पुन्हा उठवत असतो, ही जाणीव प्रत्येक वेळी असावी.

१४/
फेल्ट घट्ट झाले तरी ते पायाखाली चेपणारच. त्याला कवचासारखे कठीण करते ती शेलॅक, अर्थात आपली लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या डहाळ्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखे कवच स्रवतात. डहाळ्या तोडून ते खरवडायचे, कुटायचे, धुवायचे, वितळवायचे आणि पातळ पापुद्र्यांत ताणायचे. 'शेलॅक' या इंग्रजी शब्दाचा अर्थच पापुद्र्यांच्या रूपातली लाख. महाभारतातील लाक्षागृह आणि बाजारातल्या लाखेच्या बांगड्या ज्या पदार्थाच्या, त्याच पदार्थाने एडवर्ड कोकच्या टोपीचे पाऊल सोसले.

१५/
ही लाख मुख्यतः भारतातूनच जात असे. छोटा नागपूरच्या जंगलांत ती गोळा होई, मिर्झापूरसारख्या ठिकाणी तिचे कारखाने होते आणि कलकत्त्याच्या बंदरातून ती जहाजावर चढे. विदर्भाच्या पूर्वेकडील जंगलांतही पळसावरची लाख गोळा होत आली आहे. या मालाचे महत्त्व एवढे होते की, १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. ग्रामोफोनच्या जुन्या, ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतही लाखच असे. बालगंधर्वांचे गाणे ज्या तबकड्यांतून महाराष्ट्रभर घुमले त्याही अशाच. आदिवासी कुटुंबांनी रानात खरवडलेली लाख एका वाटेने संगीत होऊन घराघरांत पोहोचली आणि दुसऱ्या वाटेने मुकादमाच्या रुबाबाला कणखरपणा देत राहिली.

१६/
दरम्यान टोप्या कुठे बनत होत्या? मँचेस्टरजवळचे स्टॉकपोर्ट हे गाव फेल्ट टोप्यांसाठी प्रसिद्ध. १८८४ पर्यंत तिथून वर्षाला ६० लाखांहून अधिक टोप्या निर्यात होत होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र पुरुषांनी टोपी घालणे सोडत नेले, आणि १९९७ मध्ये स्टॉकपोर्टमधील टोप्यांचा शेवटचा कारखानाही थंडावला. आज त्या गावात 'हॅट वर्क्स' हे टोप्यांचे संग्रहालय आहे आणि गावाच्या फुटबॉल संघाचे टोपणनाव अजूनही 'हॅटर्स' आहे. धंदा बुडाला की त्यातले हाताचे ज्ञानही बुडते. म्हणूनच जुनी टोपी दुरुस्त करू पाहणाऱ्याला टोपीकडूनच शिकावे लागते.

१७/
डागडुजीचे पहिले काम संथ आणि कोरडे. मऊ ब्रशने लवीच्या दिशेने धूळ काढायची, घासायचे नाही. मग कसर लागली आहे का ते पाहायचे. कसरीच्या अळ्या केसांवरच जगतात, तेव्हा बारीक भोके किंवा जाळीसारखा धागा दिसला की टोपी ताबडतोब इतर टोप्यांपासून दूर ठेवावी. संग्रहालयांत अशी वस्तू पिशवीत हवाबंद करून काही दिवस खोल गोठवतात. औषध फवारण्यापेक्षा हा मार्ग कापडाला कमी अपायकारक. साबणाचे पाणी मात्र पूर्णतः वर्ज्य. पाण्याने फेल्ट आटते, लाखेवर पांढुरका डाग येतो आणि चामड्याची पट्टी आखडते.

१८/
पोचा काढणे हे खरे कसबाचे काम, आणि इथे लाखेचा स्वभाव माहीत असावाच लागतो. थंड टोपीवर अंगठ्याने जोर लावला की, फेल्टमधली जुनी, ठिसूळ लाख तडकते. ती चीर पुढे कायमची राहते. उलट ऊब मिळाली की लाख मऊ होते, तीही उकळत्या पाण्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला. म्हणून घामपट्टी बाहेर वळवून वाफेपासून दूर ठेवायची, फक्त पोच्यापुरती थोडी वाफ द्यायची, आतून घडी केलेल्या फडक्याचा आधार देऊन जागा हळूहळू वर आणायची आणि पूर्ण थंड होईपर्यंत धरून ठेवायची. थंड झाली की लाख पुन्हा कवच होते. घाई केली तर एका पोच्याचे तीन होतात.

१९/
अवघड प्रश्न पुढे आहे : थांबायचे कुठे? विकणारा म्हणतो, नवे अस्तर घाला, नवी पट्टी शिवा, उडालेला रंग काळाकुळकुळीत करा, किंमत चढेल. टोपी चकचकीत होईल खरी. पण अस्तराबरोबर दुकानाचा ठसा जाईल, पट्टीबरोबर मापाची चिठ्ठी आणि आद्याक्षरे जातील, रंगाखाली उन्हाने विटलेला काठ लपेल. घामाचा डाग ही घाण नाही. ती टोपी कोणीतरी वर्षानुवर्षे कामावर जाताना घातली याची ती नोंद आहे. किल्ल्याच्या जुन्या चिऱ्यांवर सिमेंटचा गिलावा पाहून आपण हळहळतो ना? हा त्याचाच लहान नमुना. पडझड थांबवावी, तुटलेले सावरावे, जे केले ते पुन्हा काढता येईल असे करावे आणि काय केले ते लिहून ठेवावे.

२०/
बोलरच्या बाहेरच्या बाजूवर उमराव, पेढीवाले आणि नट आहेत. तिच्या आत सदर्कचे कारागीर आहेत, हात थरथरणारे डॅनबरीचे कामगार आहेत आणि पळसाच्या डहाळ्या खरवडणारी, कोणत्याही ठशावर नाव नसलेली माणसे आहेत. टोपी चेपली नाही याचे श्रेय घेणारा एकच होता; ती चेपू नये म्हणून खपणारे अनेक होते.

तुमच्याही घरी एखाद्या पेटीत पणजोबांची हॅट, काळी टोपी किंवा पगडी असेल. ती काढलीत तर धुण्यापूर्वी उलटी करा. आतल्या ठशाचे, शिवणीचे, डागाचे स्वच्छ उजेडात छायाचित्र घ्या आणि ती कोणाची, कुठून आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा. टोपी आणखी काही वर्षे टिकेल. सांगणारे माणूस तेवढे थांबेलच असे नाही.

(धागा समाप्त)